दोन फेज मास्कचं एन्क्रिप्शन: मजबूत करायचं तर आधी फोडून बघा

प्रकाशीय एन्क्रिप्शनवरचे, म्हणजे प्रकाश आणि लेन्स वापरून प्रतिमा गुप्त करण्यावरचे, एम.एस्सी. आणि बी.ई.चे प्रकल्प माझ्याकडे दरवर्षी येतात. शीर्षकात 'सुधारित सुरक्षा' हे शब्द हमखास असतात. आत पाहिलं की मूळच्या दोन फेज मास्कना (प्रकाशलहरीची फेज, म्हणजे तिच्या चक्रातली जागा, पिक्सेलगणिक बदलणाऱ्या पडद्यांना) तिसरा जोडलेला असतो, साध्या फोरियर ट्रान्सफॉर्मच्या (प्रतिमेची लहरींत फोड करणाऱ्या गणिताच्या) जागी फ्रॅक्शनल आलेला असतो, मास्क एखाद्या केऑटिक समीकरणातून काढलेला असतो आणि शेवटच्या पानावर सपाट हिस्टोग्राम असतो. मुलांनी मेहनत घेतलेली असते, ती वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून तोंडी परीक्षेत माझा पहिला प्रश्न असतो: पूर्ण काळी आणि फक्त एक ठिपका पांढरा, अशी प्रतिमा या यंत्रात टाकली तर बाहेर काय येतं?

हे करून पाहिलं नसेल तर बाकीची पानं वाचून फारसं काही कळत नाही. करून पाहिलं असेल, तर सुरक्षा कुठे वाढवायची ते विद्यार्थ्याला आपोआप दिसू लागतं. इथे मी त्याच क्रमानं सांगते. आधी हल्ला, मग दुरुस्ती. पायथॉन आणि नमपाय येत असेल तर सगळं घरच्या लॅपटॉपवर करता येतं, लेझर लागत नाही. टेबलावर मांडणी करणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

मूळ यंत्र काय करतं

१९९५ मध्ये फिलिप रेफ्रेजिए आणि बहराम जाविदी यांनी 'ऑप्टिक्स लेटर्स'मध्ये ही पद्धत मांडली. इनपुट प्रतलात प्रतिमा ठेवायची आणि तिला चिकटून पहिला फेज मास्क. प्रत्येक पिक्सेलवर ० ते २π मधली कोणतीही यादृच्छिक फेज. पुढे एक लेन्स, तिच्या मागच्या फोकल प्रतलात या सगळ्याचं फोरियर ट्रान्सफॉर्म उमटतं. तिथे दुसरा, पहिल्याशी संबंध नसलेला फेज मास्क. मग दुसरी लेन्स. तिच्या फोकल प्रतलात जे मिळतं ती सायफर प्रतिमा: संमिश्र संख्यांचा पांढरा कल्लोळ (नॉइज). चार फोकल लांब्यांची ही मांडणी. संगणकात तर अवघ्या चार पायऱ्या: गुणा, एफएफटी (संगणकावरचं वेगवान फोरियर ट्रान्सफॉर्म), गुणा, उलट एफएफटी.

उलगडताना सायफरचं फोरियर ट्रान्सफॉर्म घ्यायचं, दुसऱ्या मास्कच्या कॉन्ज्युगेटनं (उलट फेजच्या मास्कनं) गुणायचं, उलट ट्रान्सफॉर्म घ्यायचं. आता हातात मूळ प्रतिमा गुणिले पहिला मास्क आहे. प्रतिमा साधी करड्या छटांची असेल तर तिचं नुसतं अँप्लिट्यूड (संमिश्र संख्येचं परिमाण) घेतलं की काम झालं, कारण पहिल्या मास्कचं अँप्लिट्यूड सगळीकडे १ आहे. म्हणजे उलगडायला पहिला मास्क लागतच नाही. बहुतेक अहवालांत 'दोन किल्ल्या' असं लिहिलेलं असतं. खऱ्या अर्थानं किल्ली एकच आहे, दुसरा मास्क.

एका ठिपक्याचा हल्ला

५१२ गुणिले ५१२ ची शून्यांची प्रतिमा घ्या आणि पहिल्याच पिक्सेलवर १ ठेवा. पहिल्या मास्कनं गुणल्यावर त्या पिक्सेलला एक फेज मिळते, बाकी सगळं शून्यच राहतं. एका ठिपक्याचं फोरियर ट्रान्सफॉर्म म्हणजे सपाट प्रतल. त्या सपाट प्रतलावर दुसरा मास्क जसाच्या तसा छापला जातो. बाहेर आलेल्या सायफरचं फोरियर ट्रान्सफॉर्म घ्या: हातात दुसरा मास्क, संपूर्ण, फक्त एका स्थिर फेजच्या फरकानं. तो फरक अँप्लिट्यूड घेताना नाहीसा होतो. ठिपका पहिल्या पिक्सेलऐवजी भलतीकडे असला तरी बिघडत नाही. उलगडलेली प्रतिमा तेवढी बाजूला सरकते, इतकंच.

२,६२,१४४ पिक्सेलची किल्ली एका फटक्यात गेली. 'किल्लीचा अवकाश २५६ चा २,६२,१४४ वा घात आहे, म्हणून पद्धत अभेद्य' हे वाक्य अहवालात असेल तर इथेच खोडा. एकेक शक्यता चाचपडत बसायची हल्लेखोराला गरजच पडली नाही. टेबलावर हाच हल्ला म्हणजे इनपुटच्या जागी एक पिनहोल ठेवणं. यंत्रापाशी क्षणभर एकट्यानं उभं राहायला मिळालेला कोणीही हे करू शकतो.

हे जुनं ज्ञान आहे. २००५ मध्ये बार्सिलोनाच्या कार्निसेर आणि सहकाऱ्यांनी निवडलेल्या सायफरचा हल्ला (हल्लेखोर स्वतः निवडलेले सायफर उलगडून घेतो तो) दाखवला. २००६ मध्ये शियांग पेंग यांच्या गटानं एका माहीत असलेल्या प्रतिमेवरून मास्क काढून दाखवले. २००७ मध्ये यान फ्राउएल, कास्त्रो, नॉटन आणि स्वतः जाविदी यांनी दोन माहीत असलेल्या प्रतिमांवरून दोन्ही मास्क तंतोतंत मिळवले. पद्धत मांडणाराच पुढे ती फोडणाऱ्यांच्या यादीत आहे, आणि या क्षेत्राबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी.

लॅपटॉप उघडाच आहे तर आणखी दोन प्रयोग उरकून घ्या. पहिला: दुसऱ्या मास्कचे निम्मे पिक्सेल मुद्दाम चुकीच्या फेजनं भरा आणि उलगडा. काळ्यावर पांढरा मोठा 'अ' घेतला असेल तर तो धुरकट पण ओळखू येतो. निम्मी किल्ली चुकूनही अक्षर वाचता येत असेल, तर किल्लीचे पिक्सेल मोजून काढलेली संख्या काहीच सांगत नाही. शिवाय हल्लेखोराला किल्लीकडे पायरीपायरीनं सरकता येतं. थोडी बरोबर, थोडी जास्त बरोबर, असं. २००६ मध्येच गोपीनाथन आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेटेड ॲनीलिंग वापरून नेमकं हेच केलं. दुसरा प्रयोग: सायफर प्रतिमा चक्राकार वीस पिक्सेल उजवीकडे सरकवा आणि बरोबर किल्लीनं उलगडा. मूळ प्रतिमा व्यवस्थित दिसते, वीस पिक्सेल उजवीकडे सरकलेली. म्हणजे किल्ली माहीत नसलेल्या माणसानं वाटेत प्रतिमेत फेरफार केला आणि घेणाऱ्याला पत्ता लागला नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

गळती नेमकी कुठे आहे

दोन्ही मास्क फक्त फेज बदलतात, अँप्लिट्यूडला हात लावत नाहीत. त्यामुळे सायफरच्या फोरियर ट्रान्सफॉर्मचं अँप्लिट्यूड म्हणजे 'प्रतिमा गुणिले पहिला मास्क' याच्या फोरियर ट्रान्सफॉर्मचं अँप्लिट्यूड, जसंच्या तसं. दुसरा मास्क कितीही चांगला असो, तो हे झाकू शकत नाही. या एका ओळीतून पुढचं जवळजवळ सगळं निघतं.

समजा तुम्ही दुसरा मास्क प्रत्येक प्रतिमेला बदलला पण पहिला तोच ठेवला, आणि पहिला हल्लेखोराला कळला. आता त्याच्याकडे फोरियर प्रतलातलं अँप्लिट्यूड आहे, पहिला मास्क आहे आणि प्रतिमा धन आहे हे माहीत आहे. हे फेज रिट्रायव्हलचं, म्हणजे अँप्लिट्यूडवरून हरवलेली फेज शोधण्याचं, नेहमीचं गणित आहे. १९७२ च्या गेर्शबर्ग आणि सॅक्स्टन यांच्या पद्धतीपासून आणि १९८२ च्या फिनप यांच्या सुधारणेपासून चालत आलेलं. उलट, पहिला बदलला आणि दुसरा तोच ठेवला, तर ठिपक्याचा हल्ला जसाच्या तसा चालतो, कारण त्याला पहिल्या मास्कशी देणंघेणंच नाही. तेव्हा नियम सरळ आहे: दोन्ही मास्क, प्रत्येक प्रतिमेला, नवे.

फक्त सायफर हाती असलेलाही काहीतरी मिळवतो. त्या अँप्लिट्यूडचा वर्ग करून उलट ट्रान्सफॉर्म घेतलं की प्रतिमा-गुणिले-मास्कचं ऑटोकोरिलेशन (सरकवलेल्या स्वतःशीच केलेली तुलना) मिळतं. प्रतिमेत काळ्या पार्श्वभूमीवर छोटीशी वस्तू असेल तर त्या वस्तूचा विस्तार त्यात उघडा पडतो. विस्तार कळला की फेज रिट्रायव्हलला सुरुवातीची पकड मिळते. पेंग यांच्या गटानं २०१५ मध्ये हा मार्ग मांडला आणि गुओहाई सितु यांच्या गटानं २०१७ मध्ये प्रयोगशाळेत सायफरवरूनच प्रतिमा काढून दाखवली. आपली लाडकी चाचणी प्रतिमा, काळ्या पाटीवरचं पांढरं अक्षर, ही या हल्ल्याला सगळ्यांत सोपी. अहवालात ती हवीच. पद्धत छान दिसावी म्हणून नको, हल्ला नीट दिसावा म्हणून हवी.

थर वाढवून काय होतं

२००० मध्ये दिल्लीच्या आयआयटीतील उन्नीकृष्णन, जोसेफ आणि केहर सिंग यांनी ही पद्धत फ्रॅक्शनल फोरियर क्षेत्रात (जिथे ट्रान्सफॉर्म पूर्ण न करता 'ऑर्डर' या आकड्याइतकंच करतात) नेली. २००४ मध्ये सितु आणि झांग यांनी लेन्स काढून टाकून फ्रेनेल क्षेत्रात (प्रकाश नुसता मोकळ्या अंतरातून जातो अशा मांडणीत) नेली, तिथे अंतर आणि तरंगलांबी याही किल्ल्या झाल्या. ही कामं महत्त्वाची आहेत, त्यांच्यामुळे मांडणीला नवी दारं उघडली. पण आज एखादा विद्यार्थी 'फ्रॅक्शनल केलं म्हणून सुरक्षा वाढली' असं लिहितो तेव्हा दोन गोष्टी तपासाव्या लागतात.

एक, यंत्र रेषीयच राहिलं का? राहिलं असेल, तर दोन प्रतिमांच्या बेरजेचा सायफर म्हणजे दोन सायफरांची बेरीज. मग निवडलेल्या प्रतिमांचा हल्ला आहेच, फक्त ठिपक्याच्या जागी वेगळी प्रतिमा निवडावी लागेल. फ्रेनेल मांडणीवरचा असा हल्लाही २००६ मध्येच प्रसिद्ध झाला. दोन, नव्या प्राचलानं किती बिट मिळाले? फ्रॅक्शनल ऑर्डर ० ते २ मध्ये कुठलीही असू शकते म्हणून शक्यता अनंत, असं नसतं. ऑर्डर ०.०१ नं चुकवल्यावर प्रतिमा दिसेनाशी होत असेल, त्याहून कमी चुकीला दिसत राहत असेल, तर तुमच्याकडे सुमारे २०० निवडी आहेत. म्हणजे आठ बिटही नाहीत. हा आलेख काढा आणि बिट स्वतः मोजा. चार कुलपं लावून चारही किल्ल्या पायपुसण्याखाली ठेवल्या तर घराला कुलूप एकच आहे, आणि तेही उघडंच.

रेषीयता मोडण्याचे प्रयत्नही झाले. २०१० मध्ये चिन आणि पेंग यांनी फोरियर ट्रान्सफॉर्मनंतर फेज कापून टाकणारी असममित (बंद करायला एक आणि उघडायला दुसरी किल्ली लागणारी) पद्धत आणली. कल्पना सुंदर होती. २०१२ मध्ये वांग आणि झाओ यांनी उघड मास्क वापरून पुनरावर्ती हल्ल्यानं ती फोडली. २०१९ पासून तर न्यूरल नेटवर्कचे हल्ले आहेत. एकाच किल्लीनं केलेल्या प्रतिमा-सायफर जोड्या भरपूर दिल्या की नेटवर्क उलगडायला शिकतं, आतलं गणित त्याला सांगावंही लागत नाही. हे सगळे हल्ले शेजारी मांडून पाहा. जवळजवळ प्रत्येकाचा आधार एकच आहे: मास्क पुन्हा वापरला गेला. म्हणून माझा सगळा जोर थरांवर नसून ताज्या मास्कवर आहे.

मास्क आणायचा कुठून

दोन ताजे मास्क म्हणजे प्रत्येक प्रतिमेमागे ५,२४,२८८ बाइट. ते समोरच्याला रोज पोचवणं शक्य नाही. म्हणून पोचवायची ती २५६ बिटांची एक छोटी किल्ली, आणि मास्क दोन्हीकडे तिच्यातूनच तयार करायचे. इथे बहुतेकजण लॉजिस्टिक मॅपकडे वळतात: मागची संख्या गुणिले (एक वजा तीच संख्या), गुणिले चार. दिसायला यादृच्छिक, लिहायला एक ओळ. मी मुलांना एकच गोष्ट करायला लावते. तयार झालेल्या संख्यांना २π नं गुणून फेज करा आणि सगळ्या पिक्सेलच्या संमिश्र मूल्यांची सरासरी काढा. चांगल्या मास्कसाठी या सरासरीचं परिमाण शून्याच्या आसपास हवं. ५१२ गुणिले ५१२ ला साधारण १ भागिले ५१२, म्हणजे ०.००२. लॉजिस्टिक मॅपचं येतं ०.३०.

कारण स्पष्ट आहे. गुणक चार असताना या मॅपच्या संख्या ० आणि १ या दोन टोकांशी गर्दी करतात, मध्ये विरळ असतात. आणि फेजमध्ये ० आणि २π ही एकच जागा. म्हणजे सगळी गर्दी एकाच बाजूला. गणितानं हे मूल्य शून्याव्या बेसेल फलनाचं π पाशी असलेलं मूल्य आहे, परिमाण ०.३०४. दोन्ही मास्क असेच असतील तर सायफरमध्ये मूळ प्रतिमा ०.३०४ गुणिले ०.३०४, म्हणजे सुमारे ०.०९ अँप्लिट्यूडनं उघडी बसलेली असते. एका सायफरमध्ये ती डोळ्यांना दिसत नाही. पण कॅमेऱ्यासमोर तेच स्थिर दृश्य असेल आणि प्रत्येक फ्रेमला नवे मास्क असतील, तर सायफरांची सरासरी घ्या. शंभर-सव्वाशे फ्रेममध्ये प्रतिमा कल्लोळाच्या बरोबरीला येते, पाचशेत ती सरळ दिसते. किल्ली न शोधता. हा प्रयोग करून पाहिल्यावर लॉजिस्टिक मॅपचा आग्रह कोणी धरत नाही. सुरुवातीच्या संख्येचे दशांशानंतरचे १५ अंक किल्ली म्हणून धरले तरी ते ५० बिटच होतात, ही अडचण वेगळीच.

त्याऐवजी सर्वांनी तपासलेला स्ट्रीम सायफर (किल्लीतून यादृच्छिक भासणाऱ्या बाइटांची धार काढणारी पद्धत) घ्या. चाचा२० किंवा काउंटर पद्धतीतला एईएस. पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीत दोन्ही आहेत. २५६ बिटांची किल्ली आणि प्रत्येक प्रतिमेचा वेगळा नॉन्स (एकदाच वापरायचा क्रमांक) द्या, बाहेर येणाऱ्या बाइटांचे पहिले २,६२,१४४ पहिल्या मास्कला, पुढचे तितकेच दुसऱ्याला. नॉन्स गुप्त नसतो, सायफरसोबत उघड पाठवायचा. नमपायचा नेहमीचा रँडम जनरेटर मात्र इथे वापरू नका, तो सिम्युलेशनसाठी आहे, गुप्ततेसाठी नाही. अशा मास्कमुळे निम्म्या किल्लीचा मघाचा प्रश्नही सुटतो: २५६ बिटांतला एक बिट चुकला की सगळा मास्क बदलतो, जवळ आलो की लांब आहोत हे हल्लेखोराला कळत नाही.

बाइटाचं फेजमध्ये रूपांतर करताना भागा २५६ नं, २५५ नं नाही. २५५ नं भागलं की ० आणि २५५ हे दोन्ही बाइट एकाच फेजवर पडतात, त्या फेजला दुप्पट वाटा मिळतो, आणि सरासरी ०.००२ ऐवजी ०.००४ च्या आसपास जाते. फरक छोटा आहे, पण मोजता येतो, आणि जे मोजता येतं त्याची सरासरीही घेता येते.

नॉन्सची एकच अट: त्याच किल्लीबरोबर तो पुन्हा कधीही येता कामा नये. साधा चढता क्रमांक पुरतो, पण तो ठेवायची पद्धत नीट हवी. आमच्याकडे प्रयोगशाळेत लाइट जाते. क्रमांक फक्त मेमरीत असेल तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर मोजणी शून्यापासून सुरू होते आणि सकाळचेच मास्क दुपारी पुन्हा पडद्यावर येतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी पुढचा क्रमांक डिस्कवर लिहा, लिहिला गेल्याची खात्री करा, मग त्या क्रमांकाचा मास्क बनवा. मध्येच लाइट गेली तर एखादा क्रमांक वाया जाईल, जाऊ द्या.

प्रतिमा फेजमध्ये घाला

मला सगळ्यांत मोलाची वाटणारी सुधारणा ही, आणि अहवालांत ती फार कमी दिसते. मूळ पद्धतीत प्रतिमा अँप्लिट्यूडमध्ये असते. पहिला मास्क तिच्या फेजला झाकतो, पण प्रतिमा अँप्लिट्यूडमध्ये असल्यामुळे तिला हातही लावत नाही. सगळा भार दुसऱ्या मास्कवर. त्याऐवजी प्रतिमेच्या छटांचीच फेज करा. तोघी, जाविदी आणि लुओ यांनी १९९९ मध्ये पूर्ण फेजमधली अशी मांडणी मांडली होती. आता इनपुट प्रतलात प्रत्येक पिक्सेलचं अँप्लिट्यूड १ आणि फेज म्हणजे प्रतिमेची फेज अधिक मास्कची फेज.

मास्कची फेज ० ते २π मध्ये समान वाटलेली आणि प्रत्येक वेळी नवी असेल, तर ही बेरीजही समान वाटलेलीच असते, प्रतिमा काहीही असो. शॅनन यांनी १९४९ मध्ये ज्याला पूर्ण गुप्तता म्हटलं तीच ही, मास्क खरोखर यादृच्छिक आणि एकदाच वापरलेला असेल तर. चाचा२० मधून काढलेला असेल तर गुप्तता चाचा२० इतकी, आणि ती भरपूर झाली. मघाची गळती इथे बुजते: ऑटोकोरिलेशनमध्ये वस्तूचा विस्तार दिसत नाही, कारण काळी पार्श्वभूमीही आता पूर्ण अँप्लिट्यूडनं चमकते. उलगडायला दोन्ही मास्क लागतात, आणि 'दोन किल्ल्या' हे शब्द पहिल्यांदाच खरे होतात.

एक व्यावहारिक गोष्ट सांभाळा. २५६ छटा पूर्ण २π वर पसरवल्या तर शुभ्र पांढरा आणि गर्द काळा शेजारी-शेजारी येतात, आणि थोड्याशा कल्लोळानं पांढऱ्यात काळे डाग, काळ्यात पांढरे. छटा निम्म्या करा, ० ते १२७, म्हणजे प्रतिमा ० ते π मध्येच राहील. मास्क मात्र पूर्ण २५६ पातळ्यांचाच ठेवा. बेरीज तरीही समान वाटलेली राहते, गुप्तता तसूभरही कमी होत नाही.

मग दुसरा मास्क कशाला, असं चांगला विद्यार्थी विचारतो. त्याचं काम आता पसरवणं हे आहे. सायफरचा एक कोपरा खराब झाला किंवा कापला गेला तर नुकसान प्रतिमेच्या एकाच भागावर न पडता सगळीकडे थोडंथोडं वाटलं जातं आणि प्रतिमा वाचता येते. प्रकाशीय पद्धतीचा हा खरा गुण आहे. दुसरा प्रश्न जास्त टोकाचा असतो: सगळं जर स्ट्रीम सायफरच करतोय तर प्रकाश हवा कशाला? माझं उत्तर असं. सगळं काम पायथॉनमध्येच होणार असेल तर फाइल एईएसनं बंद करा, लेन्सची गरज नाही. प्रकाशाची मांडणी तिथे हवी जिथे प्रकाशच समोर आहे: होलोग्राम, सूक्ष्मदर्शकातला फेज, कॅमेऱ्यात शिरण्याआधीच झाकायचं दृश्य.

छेडछाड पकडणं

गुप्तता झाली तरी वीस पिक्सेल सरकवायचा तो खेळ अजून उरलाय. फेजमधल्या मांडणीत सरकवलेला सायफर उलगडल्यावर कचरा निघेल, पण वेगळ्या प्रकारचा फेरफार शक्य आहे आणि घेणाऱ्याला कचरा आणि बिघाड यांतला फरक कळत नाही. उपाय जुना आणि पक्का आहे. डिजिटल होलोग्राम (कॅमेऱ्यानं टिपलेला सायफर) साठवल्यावर नॉन्स आणि होलोग्रामच्या सगळ्या बाइटांवर एचमॅक-शा२५६ (गुप्त किल्लीशिवाय बनवता न येणारा पडताळणीचा शिक्का) काढा, ३२ बाइट, आणि सोबत पाठवा. घेणाऱ्यानं आधी हे तपासायचं, जुळलं तरच उलगडायचं. एचमॅकची किल्ली मास्कच्या किल्लीहून वेगळी हवी. एकाच मूळ किल्लीतून एचकेडीएफनं (एका किल्लीतून अनेक किल्ल्या काढायच्या पद्धतीनं) दोन काढल्या की झालं.

टेबलावर मांडताना

कॅमेरा तीव्रता टिपतो, सायफर संमिश्र आहे. म्हणून संदर्भ किरणाची फेज ०, π/२, π आणि ३π/२ करून चार फ्रेम घ्यायच्या आणि त्यांतून संमिश्र क्षेत्र काढायचं, फेज-शिफ्टिंग होलोग्राफी. चारही फ्रेम होईपर्यंत मास्क तोच राहायला हवा, त्यानंतर तो पुन्हा येता कामा नये. घासलेल्या काचेचा डिफ्यूझर मास्क म्हणून लावला असेल तर तो बदलता येत नाही, त्यामुळे तो एन्क्रिप्शनसाठी वापरू नका.

एसएलएमची (मास्क दाखवणाऱ्या द्रव स्फटिकाच्या पडद्याची) लुकअप टेबल, म्हणजे कोणत्या करड्या पातळीला किती फेज याची यादी, नक्की तपासा. ५३२ नॅनोमीटरसाठी बनवलेली टेबल ६३२.८ च्या हीलियम-निऑन लेझरबरोबर तशीच वापरली तर, द्रव स्फटिकाचं अपस्करण (तरंगलांबीनुसार अपवर्तनांक बदलणं) सोडून दिलं तरी, फेज २π पर्यंत पोचत नाही, सुमारे १.६८π लाच थांबते. मग मास्कची सरासरी ०.१८ च्या आसपास जाते. संगणकात निर्दोष असलेला मास्क काचेवर गळका होतो. फोरियर प्रतलाच्या मधोमध एक ठळक ठिपका दिसत असेल तर आधी हीच शंका घ्या. थोडा ठिपका एसएलएमच्या पिक्सेलमधल्या मोकळ्या जागेमुळेही असतो, तो तिरप्या ग्रेटिंगनं बाजूला काढता येतो.

आणि एक गोष्ट जी पेपरांत येत नाही. एसएलएम बहुतेक वेळा एचडीएमआयच्या वायरनं जोडलेला असतो आणि संगणक त्याला दुसरा मॉनिटर समजतो. म्हणजे मास्क हा त्या क्षणी एक उघडा पडदा असतो. संगणकावर रिमोट डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर चालू असेल, किंवा ऑनलाइन सादरीकरणात चुकीचा पडदा शेअर झाला, तर दोन्ही मास्क जसेच्या तसे बाहेर जातात. प्रयोगाच्या संगणकाचं नेटवर्क बंद ठेवा, पडदा मिरर न करता एक्स्टेंड करा, मास्क फाइल म्हणून साठवू नका, मेमरीत बनवा आणि वापरून झाला की एसएलएमवर सपाट करडी पाटी दाखवा.

अहवालात हिस्टोग्राम, एनपीसीआर (बदललेल्या पिक्सेलांचं प्रमाण) ९९.६ टक्के आणि यूएसीआय (छटांतला सरासरी फरक) ३३.४६ टक्के जरूर द्या, परीक्षक विचारतात. पण त्यांच्या आधी एक तक्ता ठेवा: ठिपक्याचा हल्ला, निम्म्या चुकीच्या मास्कचा प्रयोग, हजार सायफरांची सरासरी, ऑटोकोरिलेशन, सरकवलेला सायफर. प्रत्येकापुढे मूळ पद्धतीचं चित्र आणि तुमच्या पद्धतीचं चित्र. शेवटच्या ओळीत मुद्दाम नॉन्स पुन्हा वापरून तेच हल्ले पुन्हा चालवा आणि काय काय परत फुटतं ते दाखवा. ही ओळ भरलेली असली की तोंडी परीक्षेत माझा ठिपक्याचा प्रश्न मी विचारत नाही, सरळ एचमॅकच्या किल्लीवर येते.